ओल मागच्या सीटपुढे, गळती पुढच्या दारात

गाडी: पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं वापरलेली, सनरूफ नाही. ठिकाण: कुडाळजवळचं गाव. महिना जुलै. तक्रार: मागच्या डाव्या प्रवाशाच्या पायाशी कार्पेट ओलं, सकाळी सगळ्या काचा आतून धुरकट, दार उघडताच कुबट वास.

तपासणीआधी या गाडीवर तीन उपाय होऊन गेले होते. एका गॅरेजमध्ये एसीचा ड्रेन पाइप हवा मारून साफ केला. दुसरीकडे पुढच्या मोठ्या काचेच्या कडेनं बाहेरून सिलिकॉन फिरवला. घरी कार्पेटवर खाण्याचा सोडा भुरभुरला, डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवली आणि पावसानं उघडीप दिली की चारही दारं उघडी टाकली. दरवेळी कार्पेट वरून कोरडं लागायचं आणि पुढची झड आली की पुन्हा भिजायचं.

तिन्ही उपाय फसले, कारण तोवर कार्पेट कोणी उचललंच नव्हतं. पाणी कुठे साचलं आणि कुठून आलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरं कार्पेटखालच्या पत्र्यावर मिळतात. वरून हात लावून मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं निघतं.

कार्पेटखाली काय असतं

आपल्याला दिसतं ते पातळ केसाळ कापड. त्याखाली बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम किंवा चिंध्यांपासून दाबून केलेला नमदा असतो. काही गाड्यांत या दोन थरांमध्ये आवाज अडवणारा एक जड, पाणी न झिरपणारा थरही असतो. तो असला की खालचा फोम तुडुंब भरलेला असतानाही वरचं कापड उन्हात तासाभरात वाळतं. वाळल्याचा भास होतो तो यामुळेच. फोममधल्या पाण्याला वर यायला वाट नसते. ते हळूहळू वाफ होऊन कडेकडेनं बाहेर येतं आणि रात्री काचा गार झाल्या की त्यांच्यावर आतून बसतं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवला: आधी उघडून मोकळं पाणी काढायचं, पत्रा कोरडा करायचा, मग गळती शोधायची आणि शेवटी फोम पूर्ण वाळवायचा. आधी सगळं वाळवून मग गळती शोधायला निघालं तर मधल्या एखाद्या पावसात सगळी मेहनत वाया जाते. उलट, ओल्या फोमसकट गळती शोधायला बसलं तर नवं पाणी कोणतं आणि जुनं कोणतं ते कळत नाही.

उघडणं

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि दहा मिनिटं थांबून मग सीटला हात लावला. पुढच्या सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचा असतो. बॅटरी जोडलेली असताना तो काढायचा नाही, आणि तो काढलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही. एकदा जरी चालू केलं तरी एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत विझत नाही.

डावी पुढची सीट चार बोल्टवर असते. ती बाहेर काढल्यावर मागच्या बाकाची बैठक उचलली, दोन्ही डाव्या दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे स्कफ प्लेट, वर ओढून काढल्या, आणि कार्पेट डाव्या कडेनं सोडवून मधल्या गिअरच्या उंचवट्याकडे दुमडलं. पूर्ण कार्पेट काढायचं तर मधला कन्सोल, बेल्टचे खालचे बोल्ट आणि काही गाड्यांत हीटरच्या पेटीचा खालचा भागही सोडवावा लागतो. इथे ओल एकाच बाजूला होती, म्हणून अर्धं दुमडून भागलं.

मागच्या डाव्या खोलगट भागात पत्र्यावर पाणी उभं होतं. पुढच्या डाव्या बाजूला फोमची फक्त बाहेरची, उंबऱ्याकडची कडा ओली होती. उजवीकडे कार्पेटची कडा सोडवून आत बोटं घातली, तिथे फोम कोरडा. पाणी स्वच्छ होतं, त्याला तेलकटपणा किंवा गोडसर वास नव्हता, तळाला गाळ नव्हता.

या एका निरीक्षणातून बरंच काही बाद झालं. हीटरची कॉइल फुटली तर कूलंट येतं. ते रंगीत आणि चिकट असतं, काचेवर तेलकट थर बसतो आणि बोनेटखालच्या टाकीतली पातळी उतरते. यातलं काहीच नव्हतं. गाडी पुरात बुडाली असेल तर बारीक गाळ राहतोच. २६ जुलै २००५ ला मुंबईत किंवा २२ जुलै २०२१ ला चिपळुणात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की पट्ट्यावर गाळाची रेघ दिसायची, किंवा डॅशबोर्डखालच्या कोपऱ्यातल्या पॅनेलमागे चिखल सापडायचा. अशा गाडीचं काम संपूर्ण वेगळं असतं. इथे बेल्ट स्वच्छ निघाला.

ओल्या-सुक्या व्हॅक्यूमनं उभं पाणी ओढलं, मग नळीचं चपटं तोंड फोमवर जोरानं दाबून हळूहळू फिरवलं. टाकीत तीन लिटरच्या आसपास पाणी जमलं. व्हॅक्यूम नसेल तर जुने सुती टॉवेल फोमवर अंथरून त्यावर उभं राहायचं, पिळायचं, पुन्हा अंथरायचं. वेळ जातो, पण निम्म्याहून जास्त पाणी असंही निघतं. फरशीच्या पत्र्यात रबरी बुचं असतात, ती काढूनही पाणी सोडता येतं. मात्र ती परत बसवताना कडेनं सीलंट लावायचा. पत्र्याला नवं भोक पाडून पाणी सोडणं हा गावोगावी दिसणारा उपाय पूर्ण टाळावा. त्याच भोकातून रस्त्यावरचं पाणी वर येतं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पाणी मागे का साचलं

घराचा पोर्च लहान, त्यामुळे गाडी अंगणात चढावर उभी असायची, तोंड उत्तरेकडे आणि वर. नाक वर असलेल्या गाडीत पुढे शिरलेलं पाणी मागे जाणार हे उघड आहे, पण पुढच्या सीटखाली पत्र्याचा आडवा उंचवटा असतो, तो ओलांडून ते कसं गेलं? उंबऱ्याच्या आतल्या बाजूनं वायरिंगचा जाड गठ्ठा प्लास्टिकच्या पन्हळीतून मागे जातो. त्या पन्हळीतून आणि तिला चिकटलेल्या फोममधून पाणी उंचवट्याच्या कडेनं मागे सरकतं. पुढच्या फोमची फक्त बाहेरची कडा ओली असणं हा त्याचाच पुरावा होता.

आता प्रश्न उरला पुढे डावीकडे पाणी कुठून येतं हा. तिथे चार संशयित असतात, आणि त्यांना एकेक करून बाजूला काढावं लागतं.

एसी. कूलिंग कॉइलवर साचणारं पाणी एका रबरी नळीनं गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली किंवा निसटली तर तेच पाणी डाव्या पायाशी उतरतं. कोकणातल्या दमट हवेत ही तक्रार फार आढळते, म्हणून पहिल्या गॅरेजनं तिथे हात घातला ते चूक नव्हतं. पण त्याची परीक्षा सोपी आहे आणि ती कोणी केली नव्हती. गाडी छपराखाली, सपाट जागेवर उभी करून एसी पूर्ण गार, ब्लोअर जोरात, हवा आतल्या आत फिरवण्यावर ठेवून अर्धा तास चालवायचा. पावसाळ्यात काही मिनिटांतच खाली थेंब पडायला हवेत. इथे धार लागली आणि आतला पत्रा कोरडा राहिला. शिवाय ओल रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत येत होती, एसी लावून केलेल्या प्रवासानंतर येत नव्हती. एसी सुटला.

वायपरखालची जाळी. पुढच्या काचेवरून ओघळलेलं पाणी या जाळीखालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे खाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर ही भोकं पाल्यानं बुजतात. फणस-आंब्याची मोठी पानं जाळीवरच अडकतात, ती वेचता येतात. त्रास देतात ती चिंच, शेवगा, गुलमोहर यांची बारीक पानं. ती जाळीतून आत जातात, कुजतात आणि भोकात लगदा होऊन बसतात. मग पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत उतरतं. तेव्हा केबिन फिल्टर भिजलेला मिळतो, कधी ब्लोअर चालू करताच खळखळ आवाज येतो. या गाडीचा फिल्टर धुळकट होता पण कोरडा होता. जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओतलं, दोन्ही चाकांमागे ते लगेच बाहेर आलं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र सगळ्यात आधी इथेच बघावं.

उरले दोन: पुढच्या काचेचा सांधा आणि दारं. इथे पाइप हातात घेण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा केली. पत्रा कोरडा पुसून, कार्पेट दुमडलेलंच ठेवून, मागे-पुढे, आणि चारही स्कफ प्लेटखाली, कोरड्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवल्या आणि गाडी त्याच अंगणात उलटी उभी केली, तोंड दक्षिणेला. रात्री वाऱ्यासह जोराचा पाऊस झाला. सकाळी डावी बाजू पूर्ण कोरडी होती. उजव्या पुढच्या दाराच्या स्कफ प्लेटखालची पट्टी मात्र पुढच्या टोकाला भिजलेली.

गाडीचं तोंड उत्तरेला असताना डावी बाजू पश्चिमेला येते, आणि जुलैतला वारा पश्चिम-नैऋत्येचा असतो. म्हणजे झड सरळ डाव्या दारांच्या काचांवर बसायची. गाडी उलटी केली की उजवी बाजू त्या माऱ्यात आली. काचेचा सांधा गळत असता तर तो वळवल्यावर बाजू बदलून बसला नसता. पाणी दारातून येत होतं आणि दोष दोन्ही पुढच्या दारांत होता. दोन्ही दारांत एकसारखा दोष एकाच वेळी आपोआप क्वचितच येतो. म्हणून मालकांना पुढचा प्रश्न विचारला तो इतकाच, की ही दोन दारं कधी उघडली होती का? उत्तर होतं, उन्हाळ्यात पुढचे दोन स्पीकर बदलले.

पाइपची परीक्षा

संशय पक्का असला तरी पाण्याची परीक्षा करावीच, कारण एका गाडीत दोन गळत्या असू शकतात. नियम दोन आहेत. पाइपला नोझल नको, अंगठ्यानं धार तोडायची नाही, नुसतं पाणी ओघळू द्यायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. दुसरा नियम खालून वर जाण्याचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि नेमका कोणता गळतोय ते कळत नाही.

एक जण बाहेर पाइप घेऊन, एक जण आत टॉर्च घेऊन. उंबऱ्याच्या उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरला, म्हणजे पहिल्या थेंबाची वाट स्पष्ट उमटते. रंगीत पाणी वापरू नये, कापडावर डाग राहतात.

डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेवर पाच मिनिटं: आत कोरडं. दाराच्या रबराच्या उभ्या कडांवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं: कोरडं. रबराची पकड कागदानंही तपासली. कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे सारखा अडथळा लागला तर रबर ठीक. मग पाइप काचेवर धरला, काच जिथे दारात शिरते त्या पट्टीच्या जरा वर. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला दाराच्या पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आच्छादनाच्या, खालच्या कडेवरून थेंब सुटला, उंबऱ्यावर पडला आणि पावडरीत मागे जाणारी रेघ उमटली. त्यानंतर मागचं दार, पुढच्या काचेची डावी कड आणि छताची पट्टी यांनाही वेळ दिला. तिथे काही नाही.

दारात पाणी जातं, ते जायलाच हवं

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. काचेला लागून बाहेरची जी रबरी पट्टी असते ती पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतेच. प्रत्येक पावसात दाराच्या पोकळीत पाणी उतरतं आणि तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर जातं. दार आतून भिजणं हा रचनेचा भाग आहे. केबिन कोरडी ठेवते ती पॅडमागची प्लास्टिकची शीट. ती दाराच्या आतल्या पत्र्याला ब्युटाइल रबराच्या काळ्या चिकट दोरीनं कडेनं चिकटवलेली असते, आणि तिची खालची कडा पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोकळीत घातलेली असते. काच खाली-वर करणाऱ्या यंत्रावरून उडालेलं पाणी शीटवर आपटतं, ओघळतं आणि पुन्हा पोकळीतच पडतं.

पॅड काढताना हँडलच्या खाचेतले आणि आतल्या लिव्हरमागचे स्क्रू आधी काढायचे, मग कडेनं प्लास्टिकची पट्टी सारून क्लिप सोडवायच्या, पॅड सरळ वर उचलायचं, मग काचेच्या स्विचचा कनेक्टर आणि लिव्हरची केबल. क्लिप तुटतातच, त्यामुळे आधीच सात-आठ नव्या आणून ठेवाव्यात. ज्या क्लिपना फोमची किंवा रबरी चकती असते ती पाणी अडवण्यासाठी असते, त्यांच्या जागी साध्या क्लिप चालत नाहीत.

पॅड उघडण्याआधीच त्याची खालची कडा फुगलेली आणि पांढुरके डाग पडलेली दिसत होती. असे डाग दिसले की पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. आत शीट स्पीकरच्या जागी ब्लेडनं चिरलेली होती आणि खाकी पार्सल टेपनं परत चिकटवली होती. उन्हाळ्यात ती टेप टिकली. दमट पत्र्यावर आणि धुळीवर तिची पकड सुटली. त्याहून मोठा दोष खालच्या कडेचा होता. ती पोकळीत न घालता पॅडच्या बाजूला लोंबत सोडली होती, त्यामुळे शीटवर आलेलं सगळं पाणी सरळ पॅडवर उतरत होतं. बंद दारात पॅडची खालची कडा मुख्य रबराच्या आतल्या बाजूला येते, म्हणून तिथून पडणारा थेंब थेट उंबऱ्यावर, स्कफ प्लेटखाली आणि कार्पेटच्या कडेला जातो. रबर कितीही चांगलं असो, या पाण्याला ते अडवूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. नवा स्पीकर बसावा म्हणून एमडीएफ लाकडाची रिंग लावली होती. पाणी पिऊन ती फुगली होती, आणि स्पीकरची कडा पत्र्यापासून उचलली गेली होती. एमडीएफ दारात कधीच घालू नये. तळाच्या तीन भोकांपैकी एक जांभ्याच्या तांबड्या मातीनं बुजलं होतं. तिन्ही बुजली असती तर दारातच पाणी साचून गाडी वळताना डुचमळल्याचा आवाज आला असता.

दुरुस्ती

जुनी शीट काढून तिच्यावरून नवीचा नमुना आखला. २०० मायक्रॉनचं पॉलिथिन पुरतं. बंद पेशींचा पातळ फोम मिळाला तर आवाजही कमी होतो. जुनं ब्युटाइल काढायला त्याचाच गोळा करून टिपत जायचं, उरलेला चिकटा रॉकेल किंवा टर्पेंटाइननं पुसायचा. रॉकेलचा पातळ थर राहिला तर नवं ब्युटाइल धरत नाही, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पत्रा पुसून कोरडा होऊ द्यायचा.

ब्युटाइलची टेप एकसंध फिरवली. जोड द्यावाच लागला तर तो वरच्या बाजूला द्यायचा आणि टोकं एकमेकांवर चढवायची. शीट वरून खाली बसवत आणली, खालची कडा फटीतून आत सोडली आणि टेपवर लाकडी रुळानं दाबत गेलं. पावसाळ्यात ब्युटाइल कडक असतं, हेअर ड्रायरनं कोमट केलं की नीट बसतं. केबल आणि वायर बाहेर येतात तिथे ब्युटाइलचा छोटा गोळा दाबला. स्पीकरसाठी प्लास्टिकची रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी आणि मागे वरच्या अंगाला पाण्याचा थेंब चुंबकावर पडू नये म्हणून प्लास्टिकचं छप्पर.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, आंबट वासाचा सिलिकॉन इथे वापरू नये. पॉलिथिनला तो धरत नाही आणि सुकताना सुटणाऱ्या अॅसिटिक आम्लानं उघड्या पत्र्याला गंज चढतो. पुढच्या काचेवर फिरवलेला सिलिकॉनही खरवडून काढला. तो तसाच राहिला तर कधी काच बदलायची वेळ येईल तेव्हा तिथे काच चिकटवायचा युरेथेन धरणार नाही.

पॅड लावण्याआधी काचेवरून लिटरभर पाणी ओतलं. तिन्ही भोकांतून ते लगेच बाहेर आलं, शीटची केबिनकडची बाजू कोरडी. मग दहा मिनिटं पाइप. पॅडचा फुगलेला पुठ्ठा सपाट फळीवर वजन ठेवून वाळवला. उजव्या दारातही तशीच टेप, तशीच लोंबती कडा होती. तिथेही हेच काम केलं.

वाळवणं

गळती थांबल्यावर फोममध्ये अजून लिटरभर तरी पाणी होतं. ते पावसाळ्यात दारं उघडी ठेवून का वाळत नाही याचा हिशेब मांडता येतो. २७ अंश तापमानाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम बाष्प मावतं. बाहेरची आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातली २३ ग्रॅमची जागा आधीच भरलेली, उरली ३ ग्रॅम. हॅचबॅकच्या आत साधारण ३ घनमीटर हवा असते. १ लिटर पाणी न्यायला ती हवा शंभराहून जास्त वेळा बदलावी लागेल, तीही दरवेळी पूर्ण भरून गेली तर. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापली तर तिच्यात ६५ ग्रॅमच्या आसपास मावतं. म्हणून पंख्यासोबत ऊब किंवा हवा कोरडी करणारं यंत्र यांपैकी एक काहीतरी हवंच. सिलिका जेलच्या पुड्या स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी घेतात, म्हणजे लिटरभर पाण्याला तीन-चार किलो जेल लागेल. वाळलेल्या गाडीत जपणुकीला ती ठीक, वाळवायला नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या पाणी भरपूर ओढतात, पण त्यात साचणारं खारं पाणी सांडलं तर पत्रा खातं.

कार्पेटची दुमड खाली लाकडी पट्ट्या देऊन पत्र्यापासून वीतभर उचलून ठेवली, मागचा सुटा फोम बाहेर काढला आणि गाडी छपराखाली आणली. घरगुती डीह्युमिडिफायर आत ठेवून काचा लावल्या, वायरीपुरती फट कापडानं बुजवली. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलेल्या पॉइंटवरूनच जोडणी, आणि यंत्रानं आत उष्णता साठते म्हणून दर दोन तासांनी थोडी विश्रांती. जोडीला लहान टेबल फॅन, तोंड दुमडीच्या खाली. फोमजवळ हीट गन नेऊ नये, तो वितळतो.

असं यंत्र नसेल तर गाडीचाच एसी वापरावा. एसी चालू, तापमानाचं बटण गरमकडे, हवा पायाशी, आतल्या आत फिरवणं चालू. गरम हवा फोममधलं पाणी उचलते आणि कूलिंग कॉइल ते गाडीखाली टाकते. मध्येमध्ये काच उघडून हवा बदलायची. हे उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या छपराखालीच करायचं, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो.

सुटा फोम सामान मोजायच्या हुक-काट्याला लटकवून रोज सकाळ-संध्याकाळ तोलला. हाताला कोरडा लागल्यावरही तो वजनानं उतरत राहतो. सलग तीन वेळा वजन तेच आलं की वाळला. कार्पेटला चिकटलेल्या फोमसाठी दुसरी खूण: वीतभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपनं चिकटवायचा आणि काही तास उबेत ठेवायचा. आतून दव दिसलं तर अजून ओल आहे.

ओल्या कापडावर बुरशी दोन दिवसांत धरते, आणि इथे ती फोमच्या खालच्या बाजूला काळ्या ठिपक्यांनी दिसत होती. एन-९५ मास्क लावून आधी व्हॅक्यूम, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसणं, दारं उघडी, आसपास ठिणगी किंवा चालू यंत्र नाही. ब्लीच कार्पेटचा रंग उडवतं आणि पत्रा गंजवतं. फोमचा एक कोपरा आतपर्यंत काळा पडला होता, तो कापून त्याच जाडीचा नवा तुकडा बसवला. आतवर बुरशी गेलेला फोम धुऊन वास जात नाही.

उंबऱ्याच्या पन्हळीतला एक कनेक्टर हिरवट गंजला होता. तो उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, ब्रशनं घासून, वाळवून परत लावला. फरशीवर एका जोडावर गंजाचा ठिपका होता: तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीम सीलर. हे कार्पेट अंथरण्याआधीच उरकावं लागतं.

जोडणीत सीटचे बोल्ट हातानं चार-पाच आटे फिरवून मग टॉर्क पान्ह्यानं गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळले. सगळे कनेक्टर जोडल्यावरच बॅटरी, आणि इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा विझतोय ना ते पाहिलं. केबिन फिल्टर नवा. स्कफ प्लेटखाली टिश्यूच्या पट्ट्या ठेवूनच गाडी दिली, आणि अंगणात ती पुन्हा उत्तरेकडे तोंड करून, झडीच्या माऱ्यातच उभी करायला सांगितली. पुढच्या दोन मोठ्या पावसांनंतर पट्ट्या कोरड्या निघाल्या.

दारात स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा पॉवर विंडोचं काम करून घेताना पॅड परत लावण्याआधी दुकानदाराला थांबवावं, शीटची खालची कडा पत्र्याच्या आत गेली आहे का ते स्वतः पाहावं आणि काचेवर बाटलीभर पाणी ओतून बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.